डाव

दलदल अजून धुक्यातून उठलेली नाही.
एस्टोनियातलं सोमा, सप्टेंबर, सकाळचे सहा,
आणि हेल्वे फळ्यांच्या अरुंद वाटेवरून
एक कुबडी, मग पाय, मग दुसरी कुबडी,
मग एक बारीकशी शिवी, मग दुसरा पाय
अशी येते आहे.

पाठीवर सौनातला डाव बांधलाय,
लांब दांड्याचा, बर्चच्या लाकडाचा.
तिचा बाप दर शनिवारी त्यानं
तापल्या दगडांवर पाणी फेकायचा.
आता त्याच्या वाटीत
बरणीच्या रबरांनी आवळलेला
छोटा कॅमेरा बसतो.

मोडेन पण वाकणार नाही,
हे काही लोकांचं ब्रीद असतं.
हिचा तो एक्स-रे आहे.
डावा गुडघा डॉक्टरांनी सरळच सांधून टाकला,
उजव्या खुब्यात धातू.
एकोणचाळीस वर्षं टपाल वाटलं,
गावाबाहेर फळीवर ओळीनं ठोकलेल्या पेट्यांत
पेन्शनी टाकल्या, निमंत्रणं टाकली,
नको असलेली बियाण्यांची कॅटलॉगं टाकली,
आणि एका फेब्रुवारीत सायकल बर्फावरून गेली
ती गेलीच.
गुडघे टेकायचे म्हटलं
तरी आता टेकता येत नाहीत.

"मी झोपतो ना खाली," काउर म्हणतो,
शेजारणीचा नातू, एकोणीस वर्षांचा, वेताच्या छडीसारखा.
"तुम्ही सांगा, मी काढतो."
"मग ते तू पाहिलेलं होईल," ती म्हणते.
"तू पाव धर."
काउर पाव धरतो.

विहिरीत पोहरा सोडावा तसा
ती फळीच्या कडेवरून डाव सोडते.
गळ्यातल्या फोनवर चित्र थरथरतं:
आधी काळं, मग हिरवं,
मग इतकं हिरवं की कळेना कुठे संपतं.
शेवाळाचं रान.
त्यात ती वनस्पती, जिला तिच्या भाषेत ओठगवत म्हणतात,
लाल केस, प्रत्येक केसावर एक थेंब,
आणि एका थेंबात चिकटलेलं चिलट,
एक पाय अजून हलवणारं.
हेल्वे श्वास धरते.
डाव हलतो. तो हलणारच,
दोन मीटरच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला
अडुसष्ट वर्षांचं मनगट आहे.

पलीकडे एक पाईन,
कमरेएवढा, तिच्या आजीच्या वयाचा.
इथल्या पाण्यात खायला काही नसतं,
झाडं उपाशीच म्हातारी होतात.
उभ्यानं पाहिला तर कुणी तुडवून गेलंय असं वाटतं.
डावातून पाहिला तर
त्याच्या फांद्यांत आभाळ अडकलंय,
आणि बुंध्याशी एकच क्रॅनबेरी,
कंदिलाएवढी, आत सूर्य घेऊन.

प्रत्येक डाव लागतोच असं नाही.
आजचे त्रेचाळीस फोटो:
एकतीस चिखलाचे,
सहा रबराचे,
एकात काउरचा पाव.
मागच्या महिन्यात तर कॅमेरा बुडालाच,
चार दिवस तांदळाच्या डब्यात पडून होता,
पाहुण्यासारखा, कुणाशी न बोलता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात
शेवटचा फोटो उघडतो. डाव वर ओढताना
चुकून बटण दाबलं गेलेलं.
दोन कुबड्या, वर निमुळत्या होत गेलेल्या,
मधे गमबूट, कोट, हनुवटी,
उघडं तोंड (शिवी अर्धवट),
आणि त्याच्याही वर ढग.
"ही कोण बाई?" काउर विचारतो, मग चपापतो.
"पुसू का?"

हेल्वे बराच वेळ बघते.
चहा गार होतो.
चिलटाला ती अशी दिसली होती.

तो फोटो ती छापून घेते,
तार्तूच्या बहिणीला पाठवायला,
मागे लिहिते:
इलमे, मी इतकी उंच आहे, आणि तू मला सांगितलं नाहीस.
तिकीट चाटून लावते. सवय.

सकाळी पेट्यांपाशी उभी राहते.
नवा पोस्टमन गाडीतून उतरत नाही,
काच खाली करतो, हात बाहेर काढतो.
"वाकवेल का तुम्हाला?" तो विचारतो.
"नाही," ती म्हणते,
आणि पाकीट तिथेच, उभ्यानं, धरून राहते
तो दार उघडेपर्यंत.