कापसाचंच घ्या

सॅटिन नको. सॅटिन निसटतं,
दुपारपर्यंत एका कानावर उतरतं
आणि समोर आरसा नसला
की आपल्याला कळतही नाही.
कापसाचंच घ्या, दोनदा धुतलेलं,
अडीच मीटर लांब, हातभर रुंद.
कडा शिवलेल्या नसल्या तरी चालतील,
त्या आतच जायच्यात.

घणसोली गाव संपून सेक्टर सुरू होतात
त्याच्या जरा अलीकडे माझं दुकान.
दहा बाय आठ. अर्ध्यात मशीन, अर्ध्यात आरसा.
शनिवारी मुली येतात टर्बन बांधायला शिकायला,
महापेच्या कंपन्यांतल्या, ऐरोलीच्या कॉलेजातल्या.
एक तर पामबीचला फोटो काढायचेत म्हणून
न्हाऊन थेट आली, केसांतून पाणी गळत.
म्हटलं, आधी वाळव बाई,
ओल्या डोक्यावरचं कापड दुसऱ्या दिवशी वास मारतं.
हे कोणी सांगत नाही.

तर, मान खाली घाला.
कापडाचा मध्य मानेच्या खळीवर,
दोन्ही टोकं कानांमागून पुढे,
कपाळावर एकावर एक.
आता पीळ.
टॉवेल पिळतो तसा नाही,
वेणी सोडल्यावर केसांत उरतो
तेवढाच.
टोकं परत मागे न्या. गाठ मारू नका,
गाठ रात्रीपर्यंत ठणकते.
खोचा.

गेल्या शनिवारी आई डबा घेऊन आली
आणि दारातच थांबली.
शाल्मलीच्या डोक्यावर मोहरीच्या रंगाचं कापड,
शेवटचा वेढा बसवत होते मी.
आई म्हणाली,
"चुंबळ बरी झालीय गो.
पन ठेवशील काय तिच्यावं?"

शाल्मलीनं विचारलं, चुंबळ म्हणजे?

आईनं चिंध्यांच्या पिशवीतून
बांधणीचा एक तुकडा ओढला,
चार बोटांभोवती तीन फेरे,
शेपूट आत. झालं.
मला एवढ्या वेळात टाचणीही सापडत नाही.
डोक्यावर ती गोल चकती, तिच्यावर डबा,
आणि दोन्ही हात सोडून
आई दारापासून आरशापर्यंत चालत आली.
डब्यात वालाचं बिरडं होतं,
सांडलं नाही.

मग तिनंच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं.
आधी खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या.
शेतं गेल्यावर माती.
मातीनंतर खडी, घमेल्यानं,
ती समोर दिसते ना, पिवळी बिल्डिंग, तिथं.
शाल्मली म्हणाली, मी तिथेच राहते, आजी.
"कितवा माला?"
तिसरा.
"तिसऱ्यावं दुसऱ्या बाया होत्या.
आमी दुसऱ्यापरेंतच."

मी पंखा वाढवला. उगाच.

आईनं डबा उतरवला, चुंबळ काढली,
आणि आरशात दिसली तिच्या माथ्यावरची
आठ आण्याएवढी मोकळी जागा.
मला ती माहीत होती.
लहानपणी मी तिथं तेल जिरवायचे,
पुन्हा केस येतील म्हणून.

राखाडी मलमल उरली होती, पावणेदोन मीटर,
कमी पडते खरं तर.
बस म्हटलं तर आधी नाही म्हणाली,
मग बसली.
मान खाली. मध्य खळीवर.
पीळ मी हलकाच दिला.
तिनं डोळे मिटले होते
आणि दोन्ही हात थोडे वर,
काहीतरी तोलून धरल्यासारखे.
मी ते खाली मांडीवर ठेवले.
पुन्हा वर आले.

"किती घेतस ह्याचे?"
तीनशे.
"बांधायचे?"
शिकवायचे.
"आमाला दिसाचे अठरा भेटायचे,"
म्हणाली, आणि शाल्मलीकडे वळून,
"तुजा मागनं सुटतंय बघ."

खरंच सुटत होतं.

म्हणून शेवटी एवढं करा:
मान वर घ्या, हो म्हणून बघा.
हो म्हणताना सगळ्यांचंच टिकतं.
मग नाही म्हणा, जोरात, दोन्ही खांद्यांपर्यंत.
सुटलं तर
परत पहिल्यापासून.