ऑगस्टचं बिऱ्हाड

डिसेंबरातही पिकअपच्या हीटरमधून
थोडी धूळ येते. पांढरी, मैद्याहून बारीक,
जिभेला चुन्यासारखी लागते.
मी काच खाली करत नाही.

बावीस वर्षं शाळेची बस चालवते मी, एल्कोत.
पोरं विचारतात, मिसेस हॅडली, सुट्टीत कुठं जाता?
म्हणते, जिथं काहीच नाही तिथं.
त्यांना वाटतं, म्हातारी थट्टा करतेय.

पण खरंच काही नसतं.
कधीकाळी तळं होतं, आता तळ तेवढा उरलाय.
वर्षभर मुंगीसुद्धा फिरकत नाही तिकडं,
आणि ऑगस्ट संपत आला की
कुणी लाकडाचा देवमासा उभा करतं, दुमजली,
कुणी पियानो आणतं पट्ट्या उडालेला
आणि उन्हात वाजवत बसतं, जेवढा वाजेल तेवढा.
एक दंतवैद्य आहे फ्रेझ्नोचा,
तो आठवडाभर लोकांच्या सायकली दुरुस्त करतो
आणि दातांबद्दल अवाक्षर काढत नाही.

निक्सनच्या वळणावर वर्लीन तळलेल्या रोट्या विकते.
तिच्या पायूट लोकांची जमीन ती,
आम्ही येणारे-जाणारे.
यंदाही तिनं न विचारता
दोन गुंडाळल्या कागदात.
मी दोन्हींचे पैसे दिले.

ऑरिनचे गुडघे गेले.
आता तल्साला, लेकीच्या घरी
गालिच्यावर चालतो तो.
वसंतात फोनवर म्हणाला, पुरे झालं गं मला.
जूनमध्ये पार्सल आलं:
कॉफीच्या डब्यात सतरा लांब स्क्रू, तेल लावलेले,
आणि चिठ्ठी:
पश्चिमेच्या कोपऱ्याला दोन जास्त.

हलवून खुंटा बळकट करावा म्हणतात.
इथं हलला की गेलाच.
जमीन वर पापडासारखी, करकरते, आत नुसतं पीठ.
एका वर्षी आमचं अख्खं छप्पर
शेजारच्या जर्मनांच्या सूपात जाऊन पडलं होतं,
ते म्हणाले, बसा आता जेवायला.

यंदा नवी दोघं आली मदतीला,
टूलेन आणि त्याची बहीण, सॅक्रामेंटोची.
कापड उलटं बांधत होती.
मी ओरडले, आणि माझ्या तोंडून
ऑरिन बाहेर पडला,
शिवीसकट.

रात्री पाय व्हिनेगरनं धुवायचे,
नाहीतर टाचा फाटतात.
तो माझे धुवायचा, मी त्याचे,
एकाच टबात, त्याच गढूळ पाण्यात.
त्यात काही नव्हतं.
म्हणजे होतं,
पण ऑगस्टापुरतं.
मारिसेला कांदा चिरता चिरता बघायची
आणि कांद्याकडं बघायची.

शनिवारी देवमासा जाळला.
इतक्या माणसांत इतकी शांतता.
धूर सरळ वर गेला, खांबासारखा,
कुठंही न झुकता.
टूलेनची बहीण म्हणाली, हे सगळं जाळायलाच बांधलं?
मी म्हटलं, तू भात कशाला शिजवतेस?
हे उत्तर चांगलं नव्हतं. रात्रभर मला दुसरं सुचलं नाही.

मग आवराआवर.
खाली मान घालून, एका रांगेत,
टिकल्या वेचायच्या, पिस्त्याची टरफलं,
कुणाचा तरी लांब लाल केस.
खुंटा पिळून काढायचा,
भोकात तांब्याभर पाणी ओतायचं
आणि टाचेनं दाबायचं. कळता कामा नये
इथं कुणी राहिलं होतं.
सतराच्या सतरा निघाले. पुसून डब्यात ठेवले.

विनेमका गेल्यावर फोनला रेंज आली.
ऑरिननं देवमाशाचं विचारलं नाही,
मारिसेलाचं नाही, पायांचं नाही.
वारा कुठून होता?

पश्चिमेकडून, मी म्हटलं.

बघ, म्हणाला तो. बघ. सांगितलं होतं ना.

सात दिवस कापड हललं नव्हतं.
मी हीटर लावला, गरज नसताना,
आणि धूळ आली.