रंगीत तालीम

लस आली नव्हती. नुसत्या सुया आल्या,
दोन दातांच्या, कानकोरणीएवढ्या,
आणि जिल्ह्याहून पत्र: देवी कुणी मुद्दाम सोडलीच
तर किती तासांत आपण गावाभोवती कडं घालू,
बघायचंय.

आर्णीच्या सभागृहात आम्ही नर्सा संत्र्यांवर शिकलो.
एका जागी पंधरा टोचे, मनगट टेकवून.
रस आला तर खोल गेलं, म्हणाले डोमाजी सहारे,
सत्तरीपलीकडचे, जुने देवीडॉक्टर,
मुद्दाम बोलावलेले, कारण खात्यात कुणी उरलं नव्हतं
जिनं, ज्यानं ती डोळ्यांनी पाहिली.
सुट्टीत आम्ही ती संत्री सोलून खाल्ली.
त्यांनी नाही.

मग गाव. दंड मोजायचे.
दोन रकाने: खूण आहे, खूण नाही.
म्हाताऱ्यांनी बाह्या वर केल्या, मतदानाला आल्यासारख्या.
गोंदलेल्या तुळशीशेजारी तो रुपयाएवढा डाग.
माझ्या आईला दोन आहेत. मला नाही.
माझ्यापासून खाली सगळं गाव कोरं.

सायत्राबाईचा दंड बघायची गरज नव्हती. चेहराच होता.
"कायची मोजनी हाये बाई?"
कुणी देवी सोडली तर, म्हटलं.
ती हसली. "देवीले वळू सोडतेत, कोंबडं सोडतेत.
देवी कोन सोडन? थे काय कोनाच्या दावनीले हाये?"
आहे म्हणतात. दूर, दोन देशांत, थंड पेटीत.
"मंग चारत असतीन काई तिले.
उपाशी कोन राह्यते इतके वर्सं."

अंकुशला, पाचवी ब, रोगी केलं.
माझ्याच टिकल्या, लाल, साठ:
तोंडावर दाट, हातापायांवर बऱ्या, पोटावर विरळ,
तीच तिची ओळख.
कुठंही बस म्हटलं, आम्ही शोधतो.

चारला जीप. शिट्टी, चुना, याद्या,
कोण कोणाकडे जेवलं, कोण बाजाराला गेलं.
पाच वाजले. साडेपाच. रोगी सापडेना.
साहेब घड्याळाकडे, सरपंच साहेबांकडे,
अंकुशची आई आधी हसत होती.

डोमाजी बाजेवरून उठले.
"लोक तवाई पोट्टे देत नोयते.
कनगीत पाहा. न्हानीत पाहा.
म्या एक कापसातून काढला होता."

सायत्राबाईच्या मागच्या खोलीत कापूस होता, आढ्यापर्यंत.
दाराला कडुनिंबाची डहाळी, ताजी.
ती उंबऱ्यावर आडवी बसलेली.
"नाई हाये इथं कोनी,"
मला नाही, डोमाजींना म्हणाली.
"एक नेला तुमी. हा नाई देत."

डोमाजी अंगणात खाली बसले, मातीतच.
कुणी कुणाला नाव विचारलं नाही.

आत अंकुश झोपला होता,
शेजारी दहीभाताची ताटली, चाटून पुसून.
घामानं सुटलेल्या टिकल्या कापसाला लागलेल्या.
मी वेचल्या. सत्तावन्न.

अहवालात: रोगी एक तास पन्नास मिनिटांनी आढळला.
विलंबाचं कारण, यापुढे अर्धी ओळ जागा होती.

तीन टिकल्या राहिल्या.
मार्चमध्ये तो कापूस जिनिंगला गेला.