वांग्यांचं माप

फेगडेंनी ठाण उलगडलं
आणि माझी बोटं आपोआप पुढं गेली.
चाळीस वर्षं फैजपुरात कापड चिमटीत धरून
सुती की मिसळीचं ते सांगत आलो,
हे मात्र विणलेलंच नव्हतं.
ना उभा धागा, ना आडवा.
"सतरा ग्रॅमचं आहे, निकुंभ मास्तर.
कलिंगडवाले नेतात."
उजेडाला धरलं, तर पलीकडचे फेगडे
धुक्यात उभे राहिल्यासारखे,
पण मिशीसकट दिसत होते.

मग जाळी. नायलॉनची, चाळीस मेश.
पांढरी माशी अडते म्हणे, फुलकिडे नाहीत.
"सगळं अडवणारं काय आहे?"
"प्लास्टिक," ते म्हणाले.
"वांगी झाडावरच भाजून निघतील,
भरताला काडी लागायची नाही."

घरी जुनं धोतर होतं, ठिगळांची मच्छरदाणी,
पुतण्यानं केळीबागेतून आणलेले
घडांना घालायचे चार झगे.
सगळं अंगणात पसरून बसलो.
धोतर दवानं जड होणार, शेंडे मोडणार.
मच्छरदाणीतून तुडतुडे चालत जातील.
झगे तोकडे.
उंबऱ्यातून सिंधू म्हणाली,
"वांग्याले आता आंगडं शिवता का?"

शिवलंच.
जाळी आणली, चौदा झाडांचे घेर घेतले,
वाढत्या पोराला ठेवतात तशी
वीतभर ढील ठेवली.
खालच्या काठात वाळूची नळी,
सातपुड्यावरून वारं सुटलं तरी उठायची नाही.
दुहेरी शिवण. सुईएवढी फट नाही.
फक्त बुडाशी पडलेली
गेल्या खेपेची वाळकी पानं
तशीच राहिली.

दहाव्या दिवशी सातव्या झाडाचा शेंडा सुकला.
जाळीला आतून चिकटलेलं
एक पांढुरकं पाखरू, पंखांवर तपकिरी डाग.
बाहेर जायची वाट शोधत होतं.
माझ्या हातची शिवण
त्यालाही उसवत नव्हती.

पानं झाडून जाळली. शेंडे खुडले.
मग जांभळी फुलं आली,
आणि एक काळा भुंगा
जाळीवर टकटक करू लागला,
दुकान बंद असताना
गिऱ्हाईक फळी वाजवतं तसा.

हे फेगडेंना विचारायचं राहिलं होतं.
रात्री मशीन पुन्हा काढलं,
प्रत्येक आंगड्याला पुढून चीर दिली,
हुक लावले, पाच पाच,
झंपराला लावतात तेच.

आता सकाळी चहा घेऊन हुक काढतो.
भुंगा येतो, फुलाला धरून गुरगुरतो,
सगळं झाड हलतं.
पाखरं रात्रीची,
म्हणून दिवेलागणीला पुन्हा हुक लावतो.
सत्तर हुक. बोटं आता अडखळतात.
सिंधू शेवटच्या सहा झाडांचे लावते
आणि मोजत मोजत
काहीतरी पुटपुटते,
ते मी विचारत नाही.