उरलेली जागा

सकाळी एक खोकं आलं दुरुस्तीला, सुतळीनं बांधलेलं.
'द मूरहेन', सत्तावीस वर्षांचे अंक.
मूरहेन म्हणजे पाणकोंबडी.
ऑक्सफर्डच्या चार मुलींच्या कॉलेजांनी मिळून काढलेलं,
वर्षातून तीनदा, किंमत सहा पेन्स.
मुखपृष्ठावरचा पक्षी सरळ सरळ बदक आहे.
पहिल्या अंकात संपादक थिओडोरा पिम लिहिते:
'चित्र आमच्यातल्याच एकीचं आहे. हसण्याआधी
आपण एक काढून पाहावं.'

डिंकाची वाटी बाजूला सरकवून
मी वाचत सुटले.

हॉकीचे निकाल.
वादसभा: स्त्रियांनी सायकल चालवावी काय?
बाजूनं एकतीस, विरुद्ध चार.
त्या चौघींची नावं छापली आहेत.
हरवला आहे: तपकिरी हातमोजा, डावा.
व्याख्यानाला सोबत म्हणून जी प्रौढ बाई न्यावी लागते
तिच्या चहाचे पैसे कुणी द्यायचे, यावर तीन पत्रं.

पेपर पुरुषांचेच सोडवत होत्या सगळ्या,
कधी त्यांच्याहून सरस.
पदवी तेवढी मिळत नव्हती.
त्याबद्दल अवाक्षर नाही अंकामागून अंक.
फक्त दर उन्हाळ्यात, मागच्या पानावर, एक यादी,
नाव, विषय, श्रेणी,
आणि चौथ्या रकान्यात नुसती रेघ.

त्या रेघा माझ्या पणजोबांनी जुळवल्या,
ईनॉक टस्टेन यांनी, जेरिकोतल्या तळघरात,
शिशानं काळ्या पडलेल्या बोटांनी.
त्यांची मुलगी केझाया चौदाव्या वर्षी
फर्म्यांच्या घड्या घालायला बसली.
अक्षरं ती खिळ्यांवरून उलटीच शिकली,
सुलट नंतर जमली.
कॉलेज घरापासून सात मिनिटांवर.
ती सात मिनिटं ती दर सत्रात चालली,
ओली प्रुफं एप्रनखाली धरून,
मागच्या दारापर्यंत.

पानाच्या तळाशी जागा उरली की
वरून चिठ्ठी यायची: काहीतरी टाका,
वेल, फूल, काहीही.

एकोणीसशे अकरा, मार्च. पान चौदा.
वेल नाही, फूल नाही. चार ओळी, खाली नाव नाही:

घडी घालते मी तुमच्या विचारांची
कडेला कड लावून.
बोटांना लागते तेवढी शाई
माझ्या घरी येते.

पुढच्या अंकात कुणी विचारलंय, कवयित्री कोण?
हेस्टर लॅंग्रिशचं उत्तर एका ओळीत:
'आमच्यापैकीच कुणीतरी. विनयशील दिसते.'

मग युद्ध. कागद पातळ होत जातो,
भावांच्या नावांना काळी चौकट,
एका अंकात हॉकी नाहीच, नुसते मोजे:
किती विणले, किती पाठवले.
मग वीस साली चौथा रकाना भरतो,
आणि या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीनं
बदकाच्या डोक्यावर चौकोनी टोपी चढवली आहे.

चार वर्षांनी शेवटचा अंक.
मुलांच्या साप्ताहिकात आता आपल्यालाही घेतात,
मग वेगळी चूल कशाला, असं संपादकीय म्हणते.
वर्गणीदार उरले होते एकशे बारा.
शेवटच्या पानावर अर्ध्याहून जास्त जागा मोकळी,
ती भरा म्हणून कुणी चिठ्ठी पाठवलेली दिसत नाही.

केझाया माझ्या आजीची बहीण.
नव्वदीत चादरींच्या घड्या घालताना
त्याच चार ओळी पुटपुटायची.
आम्हाला वाटायचं, चर्चमधलं काहीतरी असेल.

ग्रंथालयाच्या सूचीत पान चौदापुढे 'अज्ञात' आहे.
सूची माझी नाही. पुरावाही नाही माझ्याकडे,
एका म्हातारीचा आवाज सोडून.
माझ्या हातात आहे फक्त पुस्तकाची पाठ.
मी जुना डिंक खरवडला, नवी शिवण घातली,
आणि कण्याच्या आतल्या कापडावर, चिकटवण्याआधी,
पेन्सिलीनं लिहिलं: के. टस्टेन, पान चौदा.
वरून कापड दाबलं. वजन ठेवलं.

बांधणी चांगली झाली आहे.
पुन्हा उसवायची वेळ यायला
साधारण ऐंशी वर्षं लागतील.