ऐंशी सेंटिमीटर

ठाकुरद्वारच्या नाक्याच्या अलीकडे
नूतन मॅचिंग सेंटर.
पाटीवरचा 'नू' पडला त्यालाही चार वर्षं झाली.
प्राणलालशेठच्या दोन मुलांचं कोर्टात चाललंय,
निकाल लागेपर्यंत काचेची जागा दिलीय
चित्रं लावायला, आसपासच्याच लोकांची.
किल्ली माझ्याकडे.
सहाला शटर वर, दहाला खाली.
एकतीस वर्षं इथं ब्लाउजपीस फाडले,
कात्रीची एक टाच, मग टर्रकन सरळ रेषेत.
आता हे.

खेतवाडीतला इनायत दिवसभर लेथवर असतो,
रात्री शर्टाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर रंगवतो.
पहिल्या दिवशी म्हणाला, चाचा, तुम्हाला यातलं कळतं काही?
म्हटलं, नाही बाबा.
मग राहवलं नाही.
म्हटलं, हा तुझा जांभळा, जांभळा नाही, वांगी आहे.
आणि पदराला मोरपंखी द्यायला गेलास,
झालाय चिंतामणी.
गप्प बसला.
दुसऱ्या दिवशी रंगांच्या डब्या घेऊनच आला,
म्हणाला, अब बोलो.

लोक थांबतात. सगळे नाही.
कुणी विचारतं, गाळा भाड्याने द्यायचाय का,
कुणी काचेत बघून भांग पाडतं.
प्रभाताई पाठारे रोज येतात
आपलंच चित्र बघायला,
गच्चीवरची टाकी, टाकीच्या सावलीत मांजर,
खालचं नाव वाचतात आणि भाजी आणायला जातात.

मंगळवारी एक बाई आली.
पिशवीत घडी न मोडलेली साडी.
जुनं गिऱ्हाईक असावं,
दुकान बंद झाल्याचं कुणी सांगितलं नसेल.
तिने काठ बाहेर काढला
आणि काचेला लावला,
इनायतच्या पुठ्ठ्यावरल्या आभाळासमोर.
थोडा डावीकडे, थोडा खाली,
मान तिरकी, एक डोळा बारीक.
"हाच. टू बाय टूमध्ये आहे का?"

मी वळलोसुद्धा.
तिसरा खण, वरून दुसरा गठ्ठा.
हात गेला तो उघड्या फळीवर.
धूळ, आणि चिकटून राहिलेला एक शेड नंबर.

सांगितलं तिला. हसली नाही.
म्हणाली, रंग मात्र हाच होता हो.
उभी राहिली काठ तसाच धरून.
एक बस गेली, दुसरी गेली.

ती गेल्यावर गल्ला उघडला.
बिलबुक आहे अजून, कार्बनसकट.
लिहिलं:
आभाळ, नग एक, ऐंशी सेंटिमीटर.
रंगाची हमी नाही.
रकमेचा रकाना कोरा ठेवला.
शेठची शिस्त, मूळ प्रत गिऱ्हाइकाला, नक्कल आपल्याला.
मूळ प्रत फाडली, सरळ रेषेत,
आणि आतून काचेला चिकटवली,
प्रभाताईंच्या टाकीशेजारी.

खाली नाव घातलं नाही.
शुक्रवारी तारीख आहे.