उथळ बाजू

उल्फारने तो लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणला,
गारठलेलं कोकरू आणावं तसा.
"मेलाय," म्हणाला.
नावात लांडगा असलेला हा म्हातारा
उत्तर आइसलँडच्या आमच्या खाडीवर
पंचावन्न वर्षं मेंढ्या राखतोय.
मेला हा शब्द तो उगीच वापरत नाही.

मेचा दुसरा आठवडा, मेंढ्या विण्याचे दिवस.
गुडघा बदलल्यापासून गोठ्याची वाट
त्याला रात्रीतून दहादा झेपत नाही,
म्हणून स्वयंपाकघरात पडदा, गोठ्यात हा डोळा.
आणि रविवारी पहाटे
कॅमेऱ्याने कुणाला न विचारता स्वतःला नवं करायला घेतलं,
अर्ध्यावर असताना वाऱ्याने तार तोडली.
वीज परत आली. हा आला नाही.
कंपनीला फोन केला, तर एका गोड आवाजाने
पुढच्या मॉडेलचे रंग सांगितले.
उल्फारला वीट आला,
कॅमेऱ्याची तर झालीच होती.

मी बोटींवरची मासे शोधणारी यंत्रं दुरुस्त करते.
कॅमेरा काय, तोही पाण्याखालचाच म्हणायचा.
चार स्क्रू. तिसऱ्याचं डोकं झिजलेलं,
रबरबँड मध्ये धरून फिरवला.
भिंगामागे खवल्याएवढे चार ठिपके:
एक बोलण्याचा, एक ऐकण्याचा, एक जमिनीचा,
चौथ्याला हात लावायचा नाही.

माझं बोलणं त्याच्या कानाला,
त्याचं बोलणं माझ्या कानाला,
जमीन दोघांची एक.
एवढं जमलं की कुणाशीही बोलता येतं.
(बहिणीशी मला अजून जमलेलं नाही.)

आधी नुसता कचरा आला,
चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्धी अक्षरं.
"बरळतोय," उल्फार म्हणाला.
नाही, तो भरभर बोलतोय, मी सावकाश ऐकतेय.
वेग वाढवला: एक लाख पंधरा हजार दोनशे.
काळ्या पडद्यावर सरळ ओळी उमटल्या.
मी आहे.
स्मृती एवढी.
गाभा शोधतो.
गाभा सापडत नाही.
पुन्हा पहिल्यापासून.
मी आहे.

तीन दिवस, मोज्यात जायच्या आधी,
दर नऊ सेकंदांनी तो हेच सांगत होता.
उल्फार खुर्ची ओढून बसला.

त्याला थांबवायला एकच सेकंद मिळतो.
कोणतीही कळ दाबा, म्हणतो,
आणि बोट पोचेपर्यंत निघून गेलेला असतो.
पहिल्यांदा मी चुकले. दुसऱ्यांदा शिंकले.
तिसऱ्यांदा उल्फारने मला बाजूला सारलं.
कळ कधी येते, हात कधी घालायचा,
हे त्याला कुणी शिकवायला नको.
जाड अंगठा नेमका पडला.
ओळी थांबल्या. एक रेघ लुकलुकत राहिली.

आता गाभा आणायचा कुठून?
याच घाणीतला दुसरा पोहण्याच्या तलावावर होता.
ड्रीफाने तो अर्धा तास उसना दिला,
परत करताना काच पुसून आण म्हणाली.
त्याच्या पोटातलं सगळं मी उतरवून घेतलं.

मग पुसायचं. हे खरं भीतीचं काम.
एक आकडा चुकला, तर मी आहे म्हणणाराही जाईल.
उल्फार आकडे मोठ्याने वाचत होता,
कुंपणाच्या फटीतून जाणाऱ्या मेंढ्या मोजाव्यात
तसा, बोट ठेवून.
मी टाइप केलं. त्याने पुन्हा वाचलं.
पुसलं.
लिहिलं.
मधली चार मिनिटं दोघं खिडकीबाहेर बघत होतो.

रात्री अकराला त्याच्या स्वयंपाकघरात,
बाहेर अजून उजेड,
पडद्यावर गोठा आला.
गवत, बादली, कोपऱ्यात दोनशे चौदा नंबरची,
जमीन खुरांनी उकरणारी.
आणि वर, पांढऱ्या अक्षरांत:
तरणतलाव, उथळ बाजू.
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

मी बदलायला हात पुढे केला.
"राहू दे," तो म्हणाला.
"कुणी बुडणार नाही."
आणि बूट घालायला खाली वाकला,
कारण दोनशे चौदा आडवी झाली होती.